२५ हजारांच्या दंडाचा मेसेज: खरं काय ते

जळगाव-भुसावळच्या ग्रुपवर फिरतंय की रस्त्यावर कचरा टाकला तर २५ हजार दंड. भाऊ, आकडा खरा आहे पण तो टाकण्याचा नाही, जाळण्याचा. राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले बघणारं न्यायालय) डिसेंबर २०१६ मध्ये ठरवलं, उघड्यावर साधा कचरा जाळला तर ५ हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर २५ हजार, म्हणजे संध्याकाळी गल्लीत निंबाचा पाला न् प्लॅस्टिक एकत्र लोटून काडी लावणारे काकाबी या नियमात येतात (त्यांना सांगणार कोण!). नुसती पिशवी फेकली तर दंड आपापल्या पालिकेच्या उपविधीप्रमाणे (म्हणजे स्थानिक नियमांप्रमाणे), तो सहसा शेकड्यांत असतो. सार्वजनिक तलावाचं पाणी मुद्दाम नासवलं तर मात्र भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला फौजदारी कायदा) कलम २७९ लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.