हजेरीपटाबाहेरची मुले

पुण्यातल्या माझ्या मावसभावाने यंदा नऊ वर्षांच्या मुलीला घरीच शिकवायचे ठरवले आणि त्यावरून कुटुंबात जे वाद झाले, त्यांत साक्षीला मला ओढण्यात आले. कारण मी न्यू जर्सीत राहतो आणि ‘अमेरिकेत होमस्कूलिंग दुप्पट झाले आहे’ हा भावाचा हुकमी मुद्दा होता.

दुपटीची गोष्ट खोटी नाही, पण ती नेमकी कशाची दुप्पट हे पाहायला हवे. करोनाकाळात अमेरिकी जनगणना खात्याने घेतलेल्या झटपट ऑनलाइन पाहणीत घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २०२०च्या एप्रिल-मेमध्ये ५.४ टक्के निघाले, तर ऑक्टोबरच्या सुमारास ११.१ टक्के. तिथल्या शिक्षण खात्याची सांख्यिकी संस्था मात्र कुटुंबे नव्हे, मुले मोजते. तिच्या हिशेबात हे प्रमाण २०१९ मध्ये २.८ टक्के होते आणि २०२२-२३ मध्ये ३.४ टक्के. तीन मुलांपैकी एकच घरी शिकत असले तरी पहिल्या पाहणीत अख्खे कुटुंब धरले जाते. शिवाय त्या वसंतात शाळा बंद असल्याने जवळजवळ प्रत्येकच मूल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून शिकत होते, आणि पालकांनी प्रश्न कसा समजून घेतला असेल ते सांगता येत नाही. पुढच्या फेरीत शाळेचे ऑनलाइन वर्ग यात धरू नयेत असा खुलासा केला गेला. तरीही आकडा चढला, म्हणजे वाढ खरी होती. ती केवढी होती आणि त्यातली किती टिकली, हा वेगळा प्रश्न.

त्याचे उत्तर कागदोपत्री शोधावे तर प्रत्येक राज्याचा कागद निराळा. आमच्या न्यू जर्सीचा कायदा मुलाने शाळेत जावे किंवा अन्यत्र तोलामोलाचे शिक्षण घ्यावे एवढेच म्हणतो. घरी शिकवतो आहोत हे कळवण्याची सक्ती नाही. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेले की दरवर्षी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि वर्षअखेरीस पात्र व्यक्तीकडून मूल्यमापन करून घ्यावे लागते. टेक्सासमध्ये घरातली शाळा खासगी शाळा मानली जाते आणि तिची नोंदणी लागत नाही. अशा बेरजेतून निघणारा राष्ट्रीय आकडा अंदाजच असणार.

भारतातली अडचण उलटी आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने पालकांवर मुलांना शाळेत घालण्याचे कर्तव्य टाकले, आणि सरकारी पटसंख्या शाळांनी भरलेल्या माहितीवर उभी राहते. त्यात होमस्कूलिंगचा रकानाच नाही. महाराष्ट्रात ४ जुलै २०१५ रोजी एका दिवसात शाळाबाह्य मुलांची मोजणी झाली, बोटाला शाई लावून. त्या दिवशी माझ्या पुतणीसारखी मुलगी दारात सापडली असती, तर ऊसतोड कामगाराच्या मुलीशेजारी तिचीही नोंद होण्याचा संभव होता. एकीने शाळा नाकारली आहे, दुसरीला ती मिळालेली नाही. दोघींना एकाच शब्दात कोंबणारी गणना दोघींविषयीही काही सांगत नाही. पुढे दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरला की घरी शिकणारी मुले कागदावर येतात, पण मध्येच शाळा सुटलेल्या इतरांत मिसळूनच.

एकेकाळी न्यू जर्सीची मोकळीक मला आदर्श वाटे. आता वर्षातून एकदा पानभर सूचना देण्यात मला काही गैर दिसत नाही, मात्र तिच्यामागून तपासनीस येऊ नये. पुण्यात ती सूचना परवानगीचा अर्ज होऊन बसेल ही भावाची भीती मला अवाजवी वाटत नाही.

दुपटीचा मुद्दा त्याने सोडावा, असे मी त्याला कळवले. मग दाखल्याविषयी विचारले. शाळा सोडल्याचा दाखला त्याने अजून काढलेला नाही. वर्गशिक्षिकेच्या हजेरीपटावर मुलीचे नाव आहे, म्हणजे यंदाच्या पटसंख्येत ती शाळेतच जाते आहे.