फुकटचे बेदाणे

आमच्या घरी नाताळचा हिशेब भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि त्याची सुरुवात डबे मोजण्यापासून होते. आम्ही ख्रिस्ती, त्यामुळे दिवाळीचा फराळ आमच्याकडे होत नाही, तो येतो. समोरच्यांचा स्टीलच्या डब्यातून, वरच्या काकूंचा झाकणाला दोरा बांधलेल्या पितळी डब्यातून, कोपऱ्यावरच्या किराणावाल्यांचा आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून. चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू, अनारसे. आम्ही मनसोक्त खातो, डबे धुतो आणि माळ्यावर रांगेत पालथे घालून ठेवतो. कारण डबा रिकामा परत करायचा नसतो, आणि आमच्याकडे त्यात घालण्यासारखं काही होतं ते थेट नाताळात. म्हणजे दोन महिने आम्ही अख्ख्या गल्लीचे थकबाकीदार.

थकबाकी हा शब्द माझ्या तोंडी सहज येतो, कारण मी सांगलीत एका पतसंस्थेत कामाला आहे. लग्न होऊन घरात आले त्याच वर्षी, "तू दिवसभर पैसेच मोजतेस, तर घरचेही मोज," असं म्हणून सगळ्यांनी वही माझ्या हातात दिली. दुसऱ्याचे पैसे मोजणं आणि आपले पुरवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे मी सांगून पाहिलं. ऐकलं कुणी नाही.

वही माझ्याकडे असली तरी घर सासूबाईंचं. आईंची उभी हयात मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात सिस्टर म्हणून गेली. ते हॉस्पिटल डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलं, आणि आईंच्या बोलण्यावरून कुणालाही वाटेल की उद्घाटनाच्या दिवशी त्याच ड्यूटीवर होत्या. तिथला एक नियम त्यांनी घरी आणला आहे : खाट नसली तर जमिनीवर गादी टाकायची, पण पेशंट परत पाठवायचा नाही. पाहुण्यांनाही हाच नियम. मी "जेवायला वीस माणसं" असं लिहिते तेव्हा तो माझ्या मते आकडा असतो. त्यांच्या मते ती खाटांची संख्या असते.

यंदा मी वहीच्या पानावर दहा हजार लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. निम्मा आकडा मटणाचाच होता : माणशी पाव, म्हणजे पाच किलो, आठशेच्या भावानं चार हजार, वर कांदा-खोबरं, काजू आणि खसखस. (खसखस पांढऱ्या रश्शात किती पडते हे डोळ्यांना दिसत नाही, बिलात मात्र दिसते.) कांदा-लसणाची चटणी उन्हाळ्यातच वर्षाची करून ठेवलेली, तो खर्च मागच्या खात्यावर. मग फराळ, कॅरल म्हणणारी पोरं, दोन केक, आणि शेवटी "इतर" : चारशे रुपये.

काटकसरही केली होती. चांदणी नाताळात घ्यायला गेलं की महाग पडते, म्हणून भाऊबीज उलटल्यावर मारुती रोडवर पाच टोकांचा आकाशकंदील उरलेल्या मालात साठ रुपयांना उचलला. बेथलेहेमचा तारा याहून स्वस्त मिळत असेल असं मला वाटत नाही. त्यावर "शुभ दीपावली" छापलं होतं, तिथे सोनेरी कागद डकवला. दिवसा उत्तम दिसतो. रात्री आतला बल्ब लावला की कागदाआडून "शुभ दीपावली" स्वच्छ वाचता येतं. गल्लीत याबद्दल कुणाचीच तक्रार नाही.

तर अशा त्या पानावर केकच्या रकान्यात मी लिहिलं होतं : बेदाणे, अर्धा किलो, दीडशे रुपये.

ते आईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत वाचलं. "माझा सख्खा भाऊ तासगावात बागायतदार, आणि माझ्या घरात बेदाणे विकत?" लगेच फोन लागला. मामा पलीकडून ओरडले (त्यांच्याकडे फवारणीचा ट्रॅक्टर चालू होता, डिसेंबरात बागेला घड धरलेले असतात, भुरी रोगाच्या भीतीनं माणूस बाग सोडत नाही), "अगं ताई, पैशाचं नाव काढू नगंस. घरचंच हाय की!"

मी दीडशे रुपयांवर काट मारली. बजेटमधून खर्च कमी होण्याचा तो यंदाचा पहिला प्रसंग आणि शेवटचाही.

दोन दिवसांनी टेम्पोवाल्यानं दारात खोकं उतरवलं. पंधरा किलो. आमच्या भागात बेदाणा तयार होतो फेब्रुवारी ते एप्रिल. द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर वाळवतात, मग माल कोल्ड स्टोअरेजला जातो आणि वर्षभर तासगाव-सांगलीच्या सौद्यात, म्हणजे लिलावात निघतो, तो पंधरा किलोच्या बॉक्सनं. मामा आयुष्यात सौद्याखेरीज कुठे बेदाणा घेऊन गेलेले नाहीत. पाव किलो, अर्धा किलो ही मापं त्यांनी ऐकली असतील, पाहिलेली नाहीत. खोक्याबरोबर सांगलीच्या हळदीची एक पिशवीही आली, घरचीच. बेदाण्याला आणि हळदीला, सांगलीच्या दोन्ही मालांना भौगोलिक मानांकन आहे. ती दोन्ही मानांकनं आता आमच्या स्वयंपाकघरात चालायची जागा अडवून बसली होती.

मी हिशेब मांडला. एका केकाला दुप्पट, म्हणजे अर्धा किलो घातले, तरी पंधरा किलोचे तीस केक. केकामागे आठ अंडी, म्हणजे दोनशे चाळीस, म्हणजे बरोब्बर आठ ट्रे. थंडीत अंड्याचा भाव चढलेला असतो तो वेगळाच. लोण्याचा हिशेब मी मांडलाच नाही, पाणी पिऊन आले.

"लागतील तेवढे घेऊ, बाकीचे मामांना परत पाठवू," मी म्हटलं.

"भावानं प्रेमानं पाठवलेलं परत करतात?"

"मग ठेवून देऊ फ्रिजमध्ये."

"फ्रिजमध्ये नाताळ ठेवायचाय."

यावर नवरा काहीतरी बोलेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. तो बेदाणे खात होता.

त्या दिवसापासून घरातलं प्रत्येक वाक्य एकाच तऱ्हेनं सुरू व्हायला लागलं. आता बेदाणे आहेतच, तर पाळकसाहेबांच्या घरी एक केक देऊ. आता बेदाणे आहेतच, तर मिरजेला माझ्याबरोबर काम केलेल्या सगळ्या सिस्टरांना एकेक. आता बेदाणे आहेतच, तर करंजीच्या सारणात थोडे जास्त घाल, आणि सारण जास्त झालंय तर करंज्या वाढव. या वाक्याचा पहिला अर्धा भाग फुकट असतो. पैसे दुसऱ्या अर्ध्याचे पडतात. पतसंस्थेत कर्ज मागायला येणारी माणसंही असंच बोलतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं : "जागा आहेच, तर म्हटलं बंगला बांधावा."

दोनाचे दहा केक झाले. त्यावर तडजोड झाली हा माझाच विजय, कारण आई अठरावर होत्या.

घरच्या ओव्हनमध्ये दहा केक भाजायचे तर ईस्टर उजाडेल. म्हणून बेकरी. पाव निघून गेल्यावर दुपारी भट्टी जरा निवते, तेव्हा बेकरीवाले बाहेरचे केक आणि नानकटाई भाजून देतात. नाताळच्या आधीच्या आठवड्यात तिथे अख्खी ख्रिस्ती मंडळी भेटते, उपासनेला येत नाहीत ती माणसंसुद्धा. मिश्रण घरी फेटायचं, जर्मलच्या डब्यांत ओतायचं, डब्यावर नावाची चिठ्ठी लावायची आणि रिक्षातून मांडीवर घेऊन जायचं. रस्त्यातल्या प्रत्येक गतिरोधकाला आई "हळू!" म्हणत होत्या, त्या आवाजात, ज्या आवाजात स्ट्रेचर ढकलणाऱ्या वॉर्डबॉयला म्हणत असणार. भट्टीत चिठ्ठ्या करपतात, त्यामुळे परत मिळणारा केक आपलाच असेल याची खात्री देता येत नाही. आमचा मात्र ओळखू येतो. सुरी घातली की दुसऱ्यांच्या केकात बेदाणा सापडतो, आमच्या केकात मैदा सापडतो.

आणि भट्टीपर्यंत चाललोच आहोत, तर नानकटाईचंही साहित्य नेलं होतं. तूप दोन किलो.

अकरावा केक बिनअंड्याचा. वरच्या मजल्यावरच्या काकू जैन. कांदा-लसूण नाही, बटाटा-गाजर नाही, अंड्याचा प्रश्नच नाही, आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही. दिवाळीला सगळ्यात जाळीदार अनारसे त्यांच्याकडून येतात, त्यामुळे त्या रकान्याला कात्री लावायची माझी हिंमत नाही. दही आणि सोड्यावर केक फुगवला. ज्या डब्यात अंड्याचा केक झाला तो चालणार नाही, म्हणून नवा डबा आणला. त्यांच्यासाठी कच्च्या केळ्याची भाजी, डाळ, पुरी आणि खीर, तीही सहाच्या आत, कारण डिसेंबरात सांगलीला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे आमचं नाताळचं रात्रीचं जेवण दुपारी साडेचारला सुरू होतं. खिरीत बेदाणे किती होते ते सांगत नाही.

कॅरलचा खर्च मी सातशे धरला होता. चर्चची पोरं पंधरा निघतात हे मला माहीत आहे. पण ती प्रत्येक घरून दोन-तीन माणसं जोडून घेत पुढे सरकतात आणि आमचं घर त्यांच्या वाटेवर शेवटून दुसरं. रात्री एक वाजता ढोलकी, गिटार आणि डफ घेऊन दारात जो जमाव उभा होता त्यात आमच्या समोरचे काकासुद्धा होते, मफलर गुंडाळून, "शांत रात्री"च्या चालीवर तोंड हलवत. भजी संपली. मग उप्पीट केलं. उप्पिटात बेदाणे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, पण मला विचारतं कोण.

आता मुख्य जेवण. यंदा नाताळ आला गुरुवारी. औदुंबर आणि नरसोबाची वाडी तासाभराच्या अंतरावर असलेल्या मुलखात गुरुवार हा दत्ताचा वार. नवऱ्याचे मित्र, जे एरवी मटणाशिवाय दुसरं काही अन्न मानत नाहीत, तेसुद्धा गुरुवारी कडक शाकाहारी. हे मला कॅलेंडरवर आधीच दिसलं होतं आणि खरं सांगायचं तर आनंद झाला होता. मी मटण पाचाचं साडेतीन किलो केलं, पनीर वाढवलं आणि त्यात हजारभर वाचवले. मित्रांना फोन गेले. सगळे एकसुरात म्हणाले, "वहिनी, येतो की! गुरुवारी पनीर चालेल. मटणाला शुक्रवारी येतो."

मटण परत पाच किलोवर गेलं. पनीर तिथेच राहिलं.

मटण आणायला आई स्वतः गेल्या, पहाटे, स्वेटर घालून. दुकानात त्या राउंडला आल्यासारख्या उभ्या राहतात. मांडी कुठली, चाप कुठला, चरबी किती, नळ्या वेगळ्या. दुकानदार त्यांना "सिस्टर" म्हणतो, कारण त्याच्या जन्माच्या वेळी त्याच ड्यूटीवर होत्या. त्यामुळे पाच किलोला पावशेर कलेजी तो फुकट घालतो. आणि फुकट कलेजी आली की आईंना आठवतं की नणंदेच्या सासऱ्यांना कलेजी आवडते. सासरे आले. एकटे कसे येणार, सहाजण आले.

उपासनेनंतर पाळकसाहेब येऊन गेले. नाताळच्या दिवशी ते प्रत्येक घरी दोन घास खातात. पण ते दोन घास कुठल्या घरी पोटभर ठरतील हे आधी कळत नाही, म्हणून प्रत्येक घर त्यांचं पूर्ण ताट धरतं. आमच्याकडे त्यांनी प्रार्थना केली, "आम्हाला भरपूर दिलंस" असं म्हणाले, आणि मी डोळे मिटलेले असतानाही खोक्याच्या दिशेला पाहिलं.

तांबडा रस्सा झाला, पांढरा झाला, लहान पोरांसाठी आळणी काढून ठेवलं, पुलाव झाला. वीस माणसं पस्तीसवर कुठे थांबली ते मी नक्की सांगू शकत नाही, कारण ताटं संपल्यावर फराळाच्या डब्यांची झाकणं घेतली.

ते डबे मात्र सगळे भरून गेले. करंज्या, शंकरपाळ्या, नानकटाई आणि वर केकाचा जाड तुकडा. थकबाकी शून्य, असं मी वहीत लिहिलंही. संध्याकाळी समोरचा डबा परत आला. आत तिळाच्या वड्या. संक्रांतीला अजून तीन आठवडे होते. "डबा रिकामा कसा पाठवायचा, म्हणून नमुन्याला केल्या," काकू म्हणाल्या. मी तो डबा धुतला आणि माळ्यावर पालथा घातला.

शुक्रवारी रात्री मित्र मटण खाऊन गेल्यावर मी वही उघडली. दहा हजाराच्या ठिकाणी सोळा हजार आठशे. त्यात सगळ्यात मोठा रकाना "इतर". मी आईंना एकेक ओळ वाचून दाखवली : अंडी, लोणी, तूप, भट्टी, नवा डबा, रिक्षा, पनीर. त्या शांतपणे ऐकत होत्या, मधूनच खोक्यातले उरलेले बेदाणे निवडत होत्या, देठ वेगळे, बेदाणे वेगळे. सात किलो तरी असतील.

"एवढं सगळं झालं," त्या म्हणाल्या, "पण बेदाण्याचे दीडशे वाचले की नाही?"

वाचले होते. मी बचतीच्या रकान्यात दीडशे रुपये लिहिले आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.