‘स्विफ्टच्या भावात मर्सिडीज’: दिल्लीच्या जुन्या गाड्यांविषयी फिरणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

व्हॉट्सॲपवर आणि रील्समध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो. थोडक्यात तो असा: दिल्लीत दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालत नाही, म्हणून तिथे मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी कवडीमोलाने विकल्या जातात. नव्या स्विफ्टच्या भावात पन्नास लाखांची गाडी घ्या, एनओसी (आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र) काढा, महाराष्ट्रात आणा. गाड्या साहेबलोकांच्या, रनिंग कमी. काम निघालंच तर बाहेरच्या गॅरेजमध्ये निम्म्यात होतं. आणि पुढेमागे क्लासिक म्हणून चढ्या भावाने विकता येईल.

जुनी जर्मन गाडी घेऊ नये, असं आमचं मुळीच म्हणणं नाही. नीट सांभाळलेली दहा वर्षांची मर्सिडीज ई-क्लास किंवा बीएमडब्ल्यू फाइव्ह सीरिज चालवण्यातलं सुख नव्या हॅचबॅकमध्ये नाही. आक्षेप आहे तो या सल्ल्यातल्या हिशोबाला. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. गाडी सहा लाखांवर आली तरी तिचे इंजेक्टर, लोअर आर्म आणि गिअरबॉक्स पन्नास लाखांच्या गाडीचेच राहतात. म्हणून जुन्या लक्झरी गाडीचं मोल काढताना आधी बाकी राहिलेली कामं मोजायची आणि मग किमतीवर बोलायचं. फॉरवर्डमध्ये नेमकं उलटं केलेलं असतं. आता एकेक दावा घेऊ.

‘कायद्यामुळे दिल्लीत कवडीमोलाने मिळतात’

हे काही वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी खरं होतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये डिझेलसाठी १० आणि पेट्रोलसाठी १५ वर्षांची मर्यादा कायम ठेवली. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा निर्णय अंमलात आला आणि काही दिवसांतच थांबवावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर कारवाई करू नये असं सांगितलं. डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचे ‘भारत स्टेज’ निकष) आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं मर्यादित केलं.

दिल्लीत बीएस-४ एप्रिल २०१० पासून लागू आहे. म्हणजे २०१२-१३ ची डिझेल ई-क्लास आज या संरक्षणात बसते. मालकाच्या मनात धास्ती असेल, पण गाडी फुंकून टाकण्याची सक्ती उरलेली नाही. तरीही ती बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल, तर कारण कायद्यात नव्हे, गाडीत किंवा तिच्या कागदांत शोधायला हवं. आणि गाडी बीएस-३ असेल, तर ती मूळातच आणखी जुनी आहे, हे किंमत ऐकताना विसरू नये.

‘एनओसी काढली की झालं’

एनओसी म्हणजे फॉर्म २८. तो ठरावीक आरटीओच्या नावाने निघतो, त्यामुळे गाडी पुण्यात पासिंग करायची की कोल्हापुरात, हे आधीच ठरवावं लागतं. त्याबरोबर विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबरासाठी फॉर्म २७, आणि गाडीवर कधी कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. परराज्यातली गाडी घेतल्यावर ३० दिवसांत हस्तांतरणाचा अर्ज करायचा असतो. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. ही मुदत टळली आणि गाडी ठोकली गेली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. ‘डीएल (दिल्लीच्या) नंबरावरच चालवा’ हा सल्ला तर निव्वळ धोक्याचा आहे: एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नवा नंबर घेणं बंधनकारक आहे.

खरा फटका कराचा. महाराष्ट्रात एकरकमी कर गाडीच्या मूळ इन्व्हॉइसवर मोजतात, तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही. व्यक्तीच्या नावावरच्या, २० लाखांवरच्या डिझेल गाडीला दर १५ टक्के. समजा गाडी नवी असताना इन्व्हॉइस ४५ लाखांचं होतं. नव्या गाडीला कर झाला असता ६ लाख ७५ हजार. तुम्हाला त्याचा गाडीच्या वयानुसार ठरलेला हिस्सा भरावा लागेल. हा आकडा टोकन देण्याआधी आपल्या आरटीओतून काढून घ्या. मूळ इन्व्हॉइसची प्रत विक्रेत्याकडे मागा. ती नसेल तर मूल्य ठरवताना वाद होतो आणि तो खरेदीदारालाच निस्तरावा लागतो.

१५ वर्षं पूर्ण होत आलेली गाडी घेत असाल तर नोंदणी नूतनीकरणाचं शुल्कही पाहा. त्यातही भारतात जुळलेली (सुटे भाग जोडून इथेच तयार झालेली) आणि थेट आयात झालेली गाडी यांत मोठा फरक आहे. २०२५ च्या सुधारित दरांनुसार २० वर्षांवरच्या साध्या कारला १० हजार, तर आयात कारला ८० हजार. पुण्याजवळ चाकणला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्याला जुळलेल्या मर्सिडीज, ऑडी आयात धरल्या जात नाहीत. स्पोर्ट्स कूपे आणि तत्सम मॉडेल मात्र बहुतेक थेट आलेली असतात. आरसी नीट वाचा.

‘साहेबलोकांच्या गाड्या, रनिंग कमी’

इथे सर्वांत जास्त लोक फसतात, म्हणून जरा थांबून बोलू.

पहिलं म्हणजे मीटर मागे केलेला असू शकतो. बीएमडब्ल्यूमध्ये किलोमीटरचा आकडा मीटरबरोबर इतर मॉड्यूलमध्येही (गाडीतल्या छोट्या संगणकांत) नोंदला जातो, मर्सिडीजमध्ये इग्निशन स्विचमध्ये. कच्चं काम केलं असेल तर हे आकडे जुळत नाहीत. पक्कं काम करणारा सगळीकडचे बदलतो. म्हणून चॅसिस नंबरावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद काढायची आणि प्रत्येक भेटीचे किलोमीटर तारखेसह ओळीने मांडायचे. नोंदी जिथे थांबतात, तिथून पुढचा आकडा सिद्ध झालेला नाही असं धरायचं. सोबत टायरवरचा चार अंकी कोड पाहा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ३५ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीवर टायरचा तिसरा जोड कसा, हा प्रश्न विचारा. ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, ब्रेक पेडलचं रबर आणि स्टिअरिंगचं चामडं हे एकमेकांशी आणि आकड्याशी जुळतात का, बघा.

दुसरं, आकडा खरा असला तरी कमी रनिंग म्हणजे चांगली गाडी असं नाही. रबर किलोमीटरने नाही, वयाने मरतं. सस्पेन्शनचे बुश, हायड्रॉलिक इंजिन माउंटिंग, कूलंटचे होज आणि प्लास्टिक जोड, गॅस्केट हे सगळं उभ्या गाडीतही कडक होतं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. बेसमेंटमध्ये महिनोन्‌महिने उभ्या गाडीचं वायरिंग उंदीर कुरतडतात आणि ते दुरुस्त करणं हे जर्मन गाडीतलं सर्वांत किचकट काम. रोज पाच-सात किलोमीटरच्या गर्दीतल्या फेऱ्या मारलेल्या डिझेलमध्ये ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारी नळी) काजळीने भरतात. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर तो जळून साफ होत नाही आणि अर्धवट प्रयत्नांत डिझेल इंजिन ऑईलमध्ये उतरतं. हायवेवर १ लाख १० हजार चाललेली, पूर्ण नोंदींची गाडी ३८ हजारांच्या अशा गाडीपेक्षा आम्ही केव्हाही पसंत करू.

तिसरं, पूर. चेन्नईचा डिसेंबर २०१५ चा, सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा, यमुनेचा जुलै २०२३ चा पूर यांत बुडालेल्या गाड्या विमा कंपन्यांच्या लिलावातून दुसऱ्या राज्यांत जाऊ शकतात. चारही सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा: पाण्याची रेघ आणि वास पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागात राहतो. गालिचाखालचा जाड फोम दाबून बघा. डिकीच्या खोलगट भागात आणि प्रवासी सीटच्या पायाखाली कंट्रोल मॉड्यूल असतात, त्यांच्या प्लगमध्ये हिरवट गंज दिसला तर तिथेच व्यवहार थांबवा. विमा कंपनीकडची दाव्यांची नोंदही मागा.

‘बाहेरच्या गॅरेजमध्ये निम्म्यात होतं’

यात तथ्य आहे. लेमफर्डर, साक्स, माहले, मान, बॉश या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचे भाग डब्यावर गाडीच्या ब्रँडचा शिक्का नसल्यामुळे स्वस्त मिळतात आणि ते दर्जेदार असतात. पण काही कामं अशी आहेत की मजुरीत थोडी सूट मिळाली तरी मूळ काम मोठंच राहतं.

बीएमडब्ल्यू ३२० डी आणि ५२० डी मधलं एन४७ इंजिन घ्या. त्याची टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची चाल जुळवून ठेवणारी साखळी) पुढे नाही, मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. मार्गदर्शक पट्ट्या आणि टेन्शनर झिजले की इंजिनाच्या मागून घासल्यासारखा आवाज येतो. चेन तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. बदलायची तर गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. २००७ ते २०११ च्या सुरुवातीच्या इंजिनांत हा दोष सर्वाधिक आहे. मर्सिडीजच्या ई २५० सीडीआयमधल्या ओएम६५१ ची चेनही मागेच असते आणि सुरुवातीच्या गाड्यांत पिएझो इंजेक्टर निकामी होण्याचा त्रास होता. पेट्रोलकडे वळलात तरी सुटका नाही. एम२७१ इंजिनाच्या सी-क्लासमध्ये थंड इंजिन चालू करताना पहिले एक-दोन सेकंद खडखडाट आला तर चेन आणि कॅम अ‍ॅडजस्टर संपत आले आहेत. ऑडी ए४ च्या २.० टीएफएसआयमध्ये ऑईल पिण्याचं कारण पिस्टन रिंग असते, नुसतं ऑईल बदलून ते थांबत नाही. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी विक्रेत्याला इंजिन चालू न करण्यास सांगा आणि पोचल्यावर बोनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करा.

गिअरबॉक्सचं ऑईल ‘आयुष्यभरासाठी’ असतं हे वाक्यही ऐकायला मिळेल. बीएमडब्ल्यूमधला आठ गिअरचा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, जे आधी होईल तेव्हा ऑईल बदलायला सांगते. याचं ऑईल पॅन प्लास्टिकचं असून फिल्टर त्यातच जोडलेला असतो, म्हणून पूर्ण पॅनच बदलायचं. पातळी इंजिन चालू ठेवून, ऑईल ३० ते ५० अंशांवर असताना तपासायची. हे तापमान स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्रावर) दिसत नसेल तर त्या गॅरेजला हे काम देऊ नका. मर्सिडीजच्या सात गिअरच्या गिअरबॉक्समध्ये लाल २३६.१४ की निळं २३६.१५ ऑईल लागतं, हे चॅसिस नंबरावरूनच ठरवायचं. मिसळून चालत नाही.

एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणारी रचना) असेल तर संध्याकाळी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजा आणि सकाळी पुन्हा मोजा. एक कोपरा खाली बसला असेल तर त्या बाजूची हवा गळते आहे. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालतो, रिले चिकटतो आणि कॉम्प्रेसर जळतो. बरीच गॅरेजं नुसता कॉम्प्रेसर बदलून देतात. गळका स्ट्रट (चाकाजवळचा हवेचा खांब) तसाच राहतो आणि काही महिन्यांत नवा कॉम्प्रेसरही जातो.

स्कॅन सर्व मॉड्यूलचं करायचं, फक्त इंजिनाचं नाही. आधी एकदा, मग ३० किलोमीटर चालवून पुन्हा. ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ हा आकडा १२ किलोमीटर दिसला, तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी दोष पुसले आहेत.

आता हिशोब मांडू. आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे तुम्ही भरा. एमएच पासिंगची, नोंदी असलेली तशीच गाडी ११ लाखांना आहे आणि दिल्लीची ७ लाखांना. फरक ४ लाख. समजा कर आणि कागदपत्रं दीड लाख, ट्रकने आणणं २५ हजार, चार टायर ८० हजार, ब्रेक डिस्क-पॅड ५० हजार, गिअरबॉक्स ऑईल ३५ हजार, माउंटिंग आणि बुश ९० हजार. बेरीज ४ लाख ३० हजार. चेनला अजून हात लावलेला नाही आणि स्वस्त गाडी महाग पडलेली आहे. म्हणून बोलणी करण्याआधी या भागांचं कोटेशन चॅसिस नंबर देऊन लेखी घ्या. विक्रेत्यापुढे ठेवायला याहून भक्कम कागद नाही.

‘पुढे क्लासिक होईल’

सरकारी व्याख्येत व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी. ते बाजूला ठेवलं तरी हजारोंनी विकलेली डिझेल ऑटोमॅटिक सेदान दर्दी लोक शोधत नाहीत. ते मॅन्युअल गिअरबॉक्सच्या, कमी विकल्या गेलेल्या, चालवायला वेगळ्या गाड्या शोधतात: ऑक्टाव्हिया व्हीआरएस, पॅलिओ १.६, जुनी सिटी व्हीटेक, डब्ल्यू१२४ (ई-क्लासची जुनी पिढी) मर्सिडीज. त्यातही भाव ठरतो तो मूळ रंगावर, मूळ इंजिन क्रमांकावर, दोन्ही चाव्या आणि जुन्या बिलांच्या फाइलवर. १९९५ पासून पुण्यात जुळलेल्या डब्ल्यू१२४ च्या मागे लागणार असाल, तर त्या सुमाराच्या गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने भुगा होऊन गळतं. हे वायरिंग (हार्नेस) बदलल्याचं बिल आहे का, हे रंग आणि चामडं बघायच्या आधी विचारा.