मावशीची बीपीची गोळी आणि चुन्याचा तो मेसेज

माझ्या मावशीने बारा दिवस बीपीची गोळी घेतली नाही. का, तर फॅमिली ग्रुपवर मेसेज आला. मेंदूच्या नसा कॅल्शियमवर चालतात, याला नोबेल मिळालंय, बीपीची गोळी कॅल्शियम ब्लॉक करते म्हणून विसराळूपणा येतो, गोळी सोडा आणि रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून घ्या, नसा फास्ट होतील, हातापायाच्या मुंग्या जातील. तेराव्या दिवशी डोकं जड झालं म्हणून शेजारच्या मुलाने बीपी बघितलं तर वरचं १८०. मी नर्सिंगच्या मुलींना फिजिऑलॉजी शिकवते, नेमका हाच धडा दरवर्षी शिकवते, त्यामुळे राग आवरत नाहीये.

आधी गोळीचं, कारण जिवावर बेतणारी गोष्ट तीच आहे. मावशीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन, आणि हो, ती कॅल्शियम चॅनल ब्लॉकरच आहे. पण पेशीत कॅल्शियम शिरायची दारं एकाच जातीची नसतात. अ‍ॅम्लोडिपिन मुख्यतः एल टाइपची दारं अडवते, रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूतली, मग तो स्नायू सैलावतो, वाहिनी रुंद होते, प्रेशर उतरतं. नसेच्या टोकाला, जिथून पुढच्या पेशीला निरोप जातो, तिथे काम करतात ती मुख्यतः पी-क्यू आणि एन टाइपची दारं. ती खरंच कमी पडली तर काय होतं तेही माहितीये. लँबर्ट-ईटन नावाच्या आजारात शरीराच्याच अँटिबॉडीज पी-क्यू दारांवर उठतात, आणि माणसाला साधं खुर्चीतून उठायला मांड्यांत जोर राहत नाही. एन टाइप अडवणारं औषधही आहे, झिकोनोटाइड, समुद्री गोगलगायीच्या विषावरून बनवलेलं, पण ते पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सोडावं लागतं, तेही दुसरं काहीच चालत नाही अशा वेदनेसाठी. बीपीची गोळी ते काम करत नाही. ती अचानक सोडली की प्रेशर मात्र परत चढतं, आणि मावशीच्या वयात त्यातून पॅरालिसिसचा झटका येऊ शकतो.

आता नोबेल. २०१३ चं मेडिसिनचं नोबेल जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस झ्यूडहॉफ यांना मिळालं, पेशीत पिशव्यांमधून मालाची ने-आण कशी होते ते उलगडल्याबद्दल. त्यात झ्यूडहॉफ यांचं काम नसेच्या टोकाचं. तिथे केमिकलने भरलेल्या बारीक पिशव्या अगदी काठाला लागून तयार असतात, आणि पिशवीच्या अंगावर सिनॅप्टोटॅग्मिन नावाचं प्रोटीन असतं. सिग्नल आला, दार उघडलं, कॅल्शियम आत घुसलं की या प्रोटीनचे दोन भाग मिळून पाच कॅल्शियम धरतात, एक तीन, दुसरा दोन, आणि पिशवी काठाला मिसळून उघडते, आतलं केमिकल पुढच्या पेशीकडे सुटतं. कॅल्शियम शिरल्यापासून हे सगळं एक मिलिसेकंदाच्या आत. हे मी फळ्यावर काढते तेव्हा दरवर्षी कुणीतरी विचारतंच, मॅडम इतक्या लवकर?

मग जास्त कॅल्शियम खाल्लं तर जास्त लवकर होणार का? नाही. नस शांत असताना आतलं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा जवळजवळ दहा हजार पटीने कमी असतं, म्हणजे घुसायला बाहेर कॅल्शियम आधीच मुबलक आहे. आणि रक्तातलं कॅल्शियम पॅराथायरॉइड ग्रंथी दर १०० मिलिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅममध्ये धरून ठेवते, खाण्यात कमी पडलं तर हाडातून काढून. २००१ साली 'नेचर'मध्ये झ्यूडहॉफ यांच्याच लॅबचा प्रयोग आला, त्यात उंदरांच्या सिनॅप्टोटॅग्मिनमध्ये एकच अमिनो अ‍ॅसिड, म्हणजे प्रोटीनच्या माळेतला एक मणी, बदललं, त्याची कॅल्शियमवरची पकड साधारण निम्मी झाली, आणि केमिकल सुटण्याची कॅल्शियमला दाद देण्याची ताकदही तेवढीच उतरली. कॅल्शियम होतं तेवढंच होतं, फरक पडला तो प्रोटीनच्या पकडीमुळे. ती पकड चुन्याने वाढत नाही.

एक गोष्ट मान्य करते, इच्छा नसताना. वरून दिलेल्या कॅल्शियमने नसेचं काम सुधारतं अशी वेळ असते. लेबर रूममध्ये झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट देतात, ते नसेच्या टोकाला कॅल्शियमच्या आड येतं. म्हणून आमच्या मुली प्रत्येक डोसआधी गुडघ्यावर हातोडी मारून बघतात, पाय उडाला नाही तर डोस थांबवायचा, आणि श्वास मंदावला तर कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून हळूहळू द्यायचं, त्याचं अँप्यूल उशाशीच ठेवलेलं असतं. पण ते विषावरचा उतारा म्हणून, मोजून, डॉक्टरसमोर. दह्यातून नाही.

मुंग्यांचंही अर्धं खरं आहे, रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं तर ओठाभोवती, बोटांत मुंग्या येतात, हात वाकडे होतात. पण तेव्हा नसा मंद नसतात, उलट उगाच पेटलेल्या असतात. मंदपणा, गुंगी, गोंधळ, बद्धकोष्ठता हे कॅल्शियम जास्त झाल्यावर येतं. म्हणजे मेसेजने सांगितलं त्याच्या बरोब्बर उलटं. आणि चुना तोंड भाजतो, पानाला जास्त लागला की काय होतं हे आपल्या आज्यांना माहीत होतं.

मावशीची गोळी डॉक्टरांना विचारून परत सुरू केलीये, चुन्याची डबी मी घेऊन आले. तिने विचारलं, मग माझ्या पायाला मुंग्या कशाच्या गं? प्रश्न बरोबर आहे. शुगर आणि बी ट्वेल्व तपासायला सोमवारी नेतेय.