एक मिळवण्याची दुर्बुद्धी

झोप येत नसेल तर मनातल्या मनात आकडे मोजावेत, हा सल्ला मला ज्याने दिला त्याला स्वतःला पाठ टेकताच झोप लागते. मी एक-दोन-तीन मोजण्याऐवजी दोनाची दुप्पट करीत गेलो आणि दोनाच्या बत्तिसाव्या घाताशी, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ या संख्येशी, येऊन पोचलो. ही संख्या आकाराने अवाढव्य असली तरी स्वभावाने गरीब. दोनाने भागत राहा, ती मुकाट्याने एकापर्यंत उतरते. तिथेच कूस बदलून झोपायचे, तर मी तिच्यात एक मिळवला.

आता ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे की नाही, हे कळल्याखेरीज डोळा लागणे शक्य नव्हते. शेवटी सात असल्याने दोन आणि पाच बाद झाले. अंकांची बेरीज ५९ म्हणून तीनही गेला. ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार १००१ होत असल्यामुळे, उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ते आळीपाळीने मिळवले आणि वजा केले की तिघांचीही परीक्षा एकदम होते. उणे ३८० आले आणि तिघेही एकदम नापास झाले. पुढे मात्र निव्वळ भागाकार. वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे असल्याने, नशीब फुटकेच निघाले तर ६,५४२ मूळ संख्यांनी भागून पाहणे आले. मी उठलो आणि दिवे लावले, दोन्ही अर्थांनी.

६४१ ने भागत असताना पत्नीने अर्धवट झोपेत विचारले, “अहो, अजून किती बाकी आहे?” मी म्हणालो, “दहा.” ९९७ पर्यंत पोचल्यावर मी ती संख्या मूळ असल्याचे जाहीर करून टाकले.

सतराव्या शतकात फर्मा या थोर फ्रेंच गणितज्ञालाही तसेच वाटत होते, एवढाच काय तो दिलासा. १७३२ मध्ये ऑयलरने ती ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार असल्याचे दाखवले. या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवून येणाराच असतो, हेही त्याने पुढे सिद्ध केले; त्या वाटेने १९३, २५७, ४४९ आणि ५७७ नंतर पाचव्याच प्रयत्नात ६४१ हाती लागतो. मला तो ११६ व्या प्रयत्नात लागला होता आणि एक हातचा विसरून मी तो सोडून दिला होता.

दुसऱ्या रात्री ६७,००,४१७ आठवली. ऑयलरनंतर ल्युकाने ६४ च्या जागी १२८ आणून काम आणखी हलके केले असल्याने, वर्गमूळाच्या आत, म्हणजे २,५८८ पर्यंत, २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ हे पाचच भाजक तपासायचे होते. आदल्या रात्रीचा धडा घेऊन मी प्रत्येक भागाकार तीनदा करायचे ठरवले आणि ६४१ च्या वेळी तिन्ही खेपांना वेगवेगळी बाकी आली.