‘परखड’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आईच्या स्वादुपिंडातल्या गाठीवरच्या माझ्या लेखाखाली ‘परखड’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे: “सीईए कमी आलं म्हणून गाठ साधी, हे अर्धवट ज्ञान. तुम्ही डॉक्टर नाही. अशी गाठ काढून टाकणं हाच खात्रीचा मार्ग. लेखही फार लांबलाय.”

आधी चूक कबूल करतो. सीईएचं (गाठीतल्या पाण्यात मोजायचं एक प्रथिन, म्युसिनस गाठीत ते बहुधा वाढतं) एकक मी मिलिग्रॅम लिहिलं होतं, ते नॅनोग्रॅम हवं. दुरुस्त केलंय. (ही चूक तुम्हाला दिसलीच नव्हती म्हणा, मलाच सापडली.)

पण ‘अर्धवट ज्ञान’? अहो, त्या गाठीपायी आम्ही चार महिने झोपलो नाही. पित्ताच्या खड्यांसाठी केलेल्या सोनोग्राफीत ती अचानक दिसली, स्वादुपिंडाच्या शेपटीकडे, साडेतीन सेंटिमीटर. सीटीचा रिपोर्ट आला, ‘बहुधा म्युसिनस’, म्हणजे चिकट द्रवाने भरलेली. म्युसिनस सिस्टिक गाठ जवळजवळ फक्त बायकांनाच होते, तीही मधल्या भागात नाहीतर शेपटीत, आणि ती पुढे कॅन्सरकडे झुकू शकते. आई बाई, गाठ शेपटीत. संशय रास्तच होता. सर्जननी ऑपरेशनची तारीखसुद्धा दिली. शेपटीबरोबर प्लीहाही जाणार होती.

मग दुसऱ्या रेडिओलॉजिस्टबाईंनी एमआरआय करायला लावला. त्यात मधमाशांच्या पोळ्यासारखे बारीक बारीक कप्पे दिसले, मधोमध व्रणासारखा तारा, आणि स्वादुपिंडाच्या नळीशी संबंध कुठेच नाही. हे सिरस सिस्टॅडिनोमाचं, म्हणजे पातळ पाण्याच्या साध्या गाठीचं चित्र. त्यानंतर एंडोस्कोपीतून सुई घालून पाणी काढलं. चमचाभरही निघालं नाही, पेशी तर मिळाल्याच नाहीत. सीईए दोनच्या आत. अमायलेज (स्वादुपिंडाच्या पाचकरसातलं द्रव्य) तेही कमी, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेनंतर होणारी खोटी गाठही नव्हे.

आता सांगा, मी ‘सीईए कमी म्हणून साधी’ असं कुठे म्हटलं? बरं, एका वाक्यात ‘निर्णायक’ असा शब्द आलाय, तो मागे घेतो. २००४ च्या अमेरिकी अभ्यासात १९२ नॅनोग्रॅमची सीमा ठरली, आणि तिथेही म्युसिनस की नाही हे ७९ टक्के वेळाच बरोबर ओळखता आलं. आकडा कमी असूनही म्युसिनस गाठ असू शकते, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच लेखात एमआरआयला आठ परिच्छेद दिले होते. पण तेच तुम्हाला लांबलेले वाटले!

डॉक्टर नाही, खरंय. मी बँकेत होतो. पण गेली सहा वर्षं आईची फाइल माझ्या पिशवीत असते, आणि त्यातला प्रत्येक कागद मी वाचलाय. तुम्ही माझा लेख तरी पुरता वाचलात का, अशी शंका येते. टोपणनाव ‘परखड’ घेतलं म्हणून फटकळपणा खपतो असं नाही.

‘काढून टाका’ यावर काय बोलणार? पोट दुसऱ्याचं असलं की सल्ला सोपा असतो. सिरस गाठीत कॅन्सर निघणं अतिशय दुर्मीळ, एवढं लिहून हा विषय सोडतो.

गाठ अजून तेवढीच आहे. पुढचा एमआरआय दिवाळीनंतर. रिपोर्ट इथेच टाकीन, तुम्ही वाचायला याल याची खात्री आहे.