लिव्हर वाकलं

तर झालं असं की मी पडलो. पडलो म्हणजे काही थरारक नाही, गाडीचा स्पीड शून्य होता. रविवारी सकाळी राजवाड्याच्या बाजूला पोहे-जिलबी घ्यायला गेलो, वाफेवर ठेवलेले गरम पोहे, वर शेव आणि जिरावण, म्हणजे आमच्याकडचा पोह्यांवरचा मसाला, जरा जास्तच घालून घेतलं, पिशवी हँडलच्या डाव्या बाजूला अडकवली, बसलो, स्टँड काढला आणि डावा पाय टेकवला तो नेमका कुणीतरी सांडलेल्या पाकावर. आमचं इंदूर 2017 ला स्वच्छतेत देशात पहिलं आलं, तेव्हापासून रस्ते रात्री मशीननं झाडून निघतात, सगळं खरं, पण सकाळी साडेसातच्या जिलबीच्या पाकाला कोण काय करणार?

सव्वाशे किलोची गाडी घसरत्या पायावर धरून धरून किती धरणार! इतक्या सावकाश पडलो की मधे विचार करायला वेळ मिळाला, आणि विचार काय आला, तर पिशवी वर धरावी. पोहे वाचले. तीस-चाळीस माणसं प्लेट हातात घेऊन बघत होती. एकानं विचारलं, "भिया, लगी तो नी?" त्याच्या शेजारचा लगेच, "जलेबी बची के नी?" याला म्हणतात प्राधान्यक्रम.

मला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण क्लचचं लिव्हर बाहेरच्या बाजूला असं वाकलं होतं की लग्नात वरातीपुढे नाचणाऱ्या मामाचा हात जसा. मी घरी फोन लावला. बायको अंघोळीला गेलेली, फोन आईनं उचलला. मी म्हटलं, "आई, मी पडलोय, मला काही झालं नाही, फक्त लिव्हर वाकलंय, येतोच." आणि बॅटरी वाचवायला फोन ठेवून दिला. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, दिवसभराचा सगळा गोंधळ त्यातून निघालाय.

नुसत्या बोटांच्या टोकांनी क्लच ओढत कसाबसा सुदामा नगरला पोचलो. दारातच आईनं मला पकडून कॉटवर आडवं केलं आणि उजव्या बरगडीखाली दाबून विचारलं, "इथे दुखतंय?" मी ओरडून सांगितलं की अगं गाडीचं लिव्हर, गाडीचं! ती म्हणाली, "मग तसं सांगायचं ना, मी देवासला आत्याला सांगून पण टाकलं." आणि आत्याला सांगणं म्हणजे काय ते आमच्या खानदानात सगळ्यांना माहीत आहे.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका पाइपचा तुकडा घेऊन आले. म्हणाले, मेकॅनिकला कशाला पैसे घालतोस, लिव्हरवर पाइप चढव आणि हळूहळू ओढ, सरळ होतं. आता लोखंड असतं तर ठीक होतं, पण हे ओतीव ॲल्युमिनियम, एकदा वाकलं की त्या जागी आधीच कमजोर झालेलं असतं, हे मला नंतर कळलं. काका "हळू, हळू" म्हणत होते आणि मी हळूच ओढत होतो, आणि तेही हळूच, मुळापाशी, कटकन तुटलं. काका दोन सेकंद बघत राहिले, मग म्हणाले, "गरम करायला पाहिजे होतं." आणि पाइप घेऊन खाली गेले.

मघाशी निदान वाकलेलं होतं, आता काहीच नाही. रविवारी उघडा असलेला मेकॅनिक सापडला दोन-अडीच किलोमीटरवर. क्लच नाही म्हणजे इंजिन आणि चाक एकमेकांना बांधलेले, चाक थांबलं की इंजिन बंद. आमच्या गाडीत तर गियर टाकलेला असेल तर क्लच दाबल्याशिवाय बटन स्टार्टच होत नाही, त्यामुळे न्यूट्रलमध्ये चालू करायची, बाजूनं ढकलत पळायचं, उडी मारून बसायचं आणि पहिला गियर मारायचा, मग गाडी जो झटका देते त्यात दात आहेत का मोजून घ्यायचे. पुढचे गियर मात्र मजेत पडतात, रेस क्षणभर सोडली की झालं. हे मला जमलं तेव्हा मी स्वतःवर इतका खूश झालो की महूनाक्याचं सिग्नल विसरलो. लाल! कसंतरी न्यूट्रल सापडलं, गाडी थांबली, आणि खिशातला फोन वाजला.

"अरे, कोणत्या हॉस्पिटलात आहेस?" आत्या.

"आत्या, मी महूनाक्यावर आहे."

"तिथे चांगला डॉक्टर आहे का?"

सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू, मी फोन कोंबला आणि पळत ढकलायला लागलो, तर एका स्कूटरवाल्या मुलानं आपला पाय माझ्या मागच्या फुटरेस्टला लावून ढकलत नेलं. "बैठ जाओ अंकल!" मदतीचे आभार, पण मी एकोणचाळीसचा आहे.

मेकॅनिककडे माझ्या मॉडेलचं लिव्हर नव्हतं, म्हणाला बाजूच्या दुकानातून घेऊन या. आणलं. त्यानं हातात घेतलं, माझ्याकडे बघितलं, "भिया, ये तो ब्रेक का है, सीधे हाथ का." परत गेलो. मग त्यानं दहा नंबरचा पाना लावून जुना तुकडा काढला, बोल्टला थोडं ग्रीस, वायरच्या टोकाची गोळी, म्हणजे निप्पल, बसवला, वायर ताणायच्या ॲडजस्टरची खाच आणि नटाची खाच एका रेषेत आणून वायर आत सरकवली. चार मिनिटं! तेवढ्यात परत आत्या. मी फोन स्पीकरवर टाकून टाकीवर ठेवला आणि मेकॅनिकला शहाणपणानं म्हटलं, "थोडा टाइट कर दो." तो भडकलाच. लिव्हरच्या टोकाला दहा-पंधरा मिलिमीटर तरी मोकळं फिरायला पाहिजे, नाहीतर क्लचच्या प्लेटा घसरत राहतात, इंजिन नुसतं बोंबलतं आणि गाडी पुढे जात नाही, हे सगळं त्यानं एका वाक्यात संपवलं, "ज़्यादा टाइट रखोगे तो जल जाएगा पूरा!"

फोनमधून बारीक आवाज आला, "डॉक्टर काय म्हणाले रे?"

"थोडं ढिलं ठेवा म्हणाले, आत्या."

लिव्हरचे एकशेदहा, लावायचे तीस. घरी पोचलो तर पोहे सगळ्यांचे खाऊन झालेले, माझ्यासाठी जिलबीचा एक अर्धा वेढा ठेवला होता, आणि बाबा तुटलेले दोन्ही तुकडे पुसून बिस्किटांच्या डब्यात ठेवत होते, कामाला येतील म्हणून. संध्याकाळी टिळक नगरची काकू आली, हातात बाटली, कारल्याचा रस, लिव्हरला चांगला असतो म्हणे. सकाळपासून अकरा जणांना मी सगळं नीट समजावलं होतं. बाराव्यांदा तोंड उघडलं ते रस प्यायलाच.